टेबल तुम्ही लावा, पण पगाराचं काय?



सोमवारची सकाळ. नेहमीसारखे कामावर पोचता आणि कळतं की तुमची नोकरी गेली. १२ फेब्रुवारी २०१८ ला अमेरिकेतल्या ‘बार्न्स अँड नोबल’ या पुस्तकांच्या दुकानांच्या साखळीत असंच झालं. बातम्यांमध्ये आकडा आला सुमारे १,८०० पूर्णवेळ कर्मचाऱ्यांचा. त्यात मुख्य कॅशियर होते, वर्षानुवर्षं दुकान सांभाळलेली अनुभवी माणसं होती. कंपनी म्हणाली, यातून वर्षाला ४ कोटी डॉलर वाचतील. आणि ज्या सीईओच्या काळात हे झालं, त्यालाच जुलैमध्ये संचालक मंडळाने काढलं! २०१३ ते २०१८ या पाच वर्षांत गेलेला तो चौथा सीईओ.

आता विचार करा, तुम्ही त्या दुकानात उरलेले कर्मचारी आहात आणि पुन्हा एक नवा साहेब येतोय. काय वाटेल? मला तर पहिल्यांदा बायोडेटा अपडेट करावासा वाटला असता.

हा नवा साहेब म्हणजे जेम्स डाँट. ऑगस्ट २०१९ मध्ये ‘एलियट’ या गुंतवणूक कंपनीने बार्न्स अँड नोबल विकत घेतली आणि डाँटला आणलं. आधी बँकेत नोकरी, मग १९९० मध्ये लंडनच्या मॅरिलबोनमध्ये स्वतःचं पुस्तकांचं दुकान. आणि २०११ पासून ब्रिटनची ‘वॉटरस्टोन्स’ ही बुडायला आलेली साखळी त्याच्याच हातात होती. म्हणजे अमेरिकेतल्या लोकांना आपलं पुढे काय होणार हे बघायचं असेल, तर समुद्रापलीकडे बघायचं.

तिकडे काय झालं होतं? पूर्वी प्रकाशक पैसे मोजून दुकानातली मोक्याची जागा घ्यायचे. दारातल्या टेबलावर कुठलं पुस्तक दिसणार हे हेड ऑफिसमध्ये ठरायचं. दुकानातल्या माणसाने फक्त गठ्ठे उघडायचे आणि मांडायचे. डाँटने हे बंद केलं, कोट्यवधी पौंडांवर पाणी सोडलं. तुमच्या गावातलं गिऱ्हाईक तुम्हाला माहीत, तेव्हा टेबल तुम्हीच लावा, असा त्याचा खाक्या. न खपता प्रकाशकाकडे परत जाणाऱ्या पुस्तकांचं प्रमाण झपाट्याने घटलं, आणि काही वर्षांत कंपनी नफ्यात आली.

पुस्तकांच्या दुकानात नोकरी करणारा माणूस बहुतेकदा पुस्तकवेडाच असतो. त्याला कोणी म्हणालं, की तुझी आवड हेच तुझं काम, तर तो खूश होणारच ना? पण सगळेच खूश नव्हते. डाँटने व्यवस्थापकांची पदं नव्याने आखली, तेव्हा कित्येक जुने मॅनेजर बाहेर पडले. आणि जे राहिले, त्यांच्या पगाराचा प्रश्न तसाच होता.

२०१९ च्या वसंतात तो फुटला. वॉटरस्टोन्सच्या कर्मचाऱ्यांनी ऑनलाइन अर्ज काढला. मागणी काय, तर सुरुवातीचा पगार निदान ‘रिअल लिव्हिंग वेज’ इतका द्या. हा दर तेव्हा तासाला ९ पौंड होता, लंडनमध्ये १०.५५. हजारो लोकांनी सह्या केल्या, तेराशेहून जास्त लेखकांनी पाठिंबा दिला. डाँटचं म्हणणं असं, की मागणी पटते, पण कंपनीला आज ते झेपणार नाही.

काही जण म्हणतील, बघा, ज्याने दुकान वाचवलं त्याच्यावरच उलटले. मला नाही तसं वाटत. तुम्ही माणसाला गठ्ठे उघडणारा समजलात, तेव्हा त्याने गठ्ठे उघडणाऱ्याचा पगार घेतला. आता सांगताय की दुकान तुझ्या पारखीवर चालतं. मग तो त्या पारखीचा भाव विचारणार की नाही? डाँटने विश्वास टाकला, म्हणून तर या लोकांना बोलायची हिंमत आली, असं माझं मत. तुम्हाला पटलं नाही तर व्हॉइस नोट पाठवा, भांडूया.

मार्च २०२० मध्ये परत तेच. कोरोना पसरत होता आणि वॉटरस्टोन्सची दुकानं उघडी होती. आम्हाला इथे सुरक्षित वाटत नाही, असं कर्मचारी ट्विटरवर उघडपणे लिहू लागले. अखेर २३ मार्चला दुकानं बंद झाली. तिकडे अमेरिकेत शेकडो दुकानांना कुलूप लागलं. डाँटने त्या काळात कपाटं हलवून दुकानांची मांडणीच बदलून घेतली. आणि जी साखळी मरणार असं सगळे धरून चालले होते, ती पुन्हा नवी दुकानं उघडायला लागली.

पण पगाराचा प्रश्न तिकडेही पोचलाच. मे २०२३ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या हॅडलीच्या दुकानाने युनियनच्या बाजूने मत दिलं. जूनमध्ये न्यूयॉर्कच्या युनियन स्क्वेअरमधल्या चार मजली दुकानाने, म्हणजे कंपनीच्या अगदी शोकेसमधल्या दुकानाने. मग ब्रुकलिनच्या पार्क स्लोपने. आता डाँटसमोर बसणार होती तीच माणसं, ज्यांना त्याने टेबल लावायला सांगितलं होतं.