नदीचा रंग आणि रानाची माती



ब्राझीलमधील मानाउस शहराजवळ दोन महानद्यांचा संगम आहे. सोलिमोइंशचे पाणी गढूळ व पिवळसर, तर रिओ नेग्रोचे कोऱ्या चहासारखे काळे. कित्येक किलोमीटर ही दोन पाणी न मिसळता शेजारीशेजारी वाहतात. आल्फ्रेड रसेल वॉलेस याने १८५३ सालच्या प्रवासवृत्तात त्या प्रदेशातील नद्यांची पांढऱ्या, निळ्या व काळ्या पाण्याच्या नद्या अशी वर्गवारी केली होती. हा काळेपणा येतो कोठून, हे आज आपण पाहू.

पाऊस पानांवरून ओघळून पालापाचोळ्यात मुरतो, तेव्हा चहाच्या पातेल्यात घडते तेच रानात घडते. कुजत्या पानांतील सेंद्रिय आम्ले व रंगद्रव्ये पाण्यात उतरतात. हे सर्वच रानांत होते. मग सगळेच ओढे काळे का नाहीत?

कारण पुढची वाट मातीतून आहे. मानाउसच्या उत्तरेकडील पठारावर चिकणमाती आहे. तिच्यातील लोह व अॅल्युमिनियम यांची संयुगे ही द्रव्ये धरून ठेवतात. काही सूक्ष्मजंतू खाऊन टाकतात. खोल झिरपलेले पाणी जवळजवळ नितळ असते. रिओ नेग्रोच्या खोऱ्यात मात्र ठिकठिकाणी पांढरी वाळू आहे. वाळूच्या अंगी ही धारणाशक्ती नाही. मुरलेले पाणी आडव्या वाटेने ओढ्याला मिळते, आणि नदीच्या दर लिटर पाण्यात सुमारे १० मिलिग्रॅम सेंद्रिय कार्बन वाहतो. म्हणजे रंग रानाचा खरा, पण तो नदीत जाऊ द्यावा की नाही, हे माती ठरविते.

यात आपले काय गुंतले आहे, असे कोणी विचारील. नेदरलंड्समधील रसायनशास्त्रज्ञ योहान्नेस रूक यांनी १९७४ साली दाखविले, की अशा रंगीत पाण्यात क्लोरीन घातला असता क्लोरोफॉर्मसारखी अपायकारक द्रव्ये तयार होतात. क्लोरीन सोडून चालणार नाही. तो नसेल तर पटकी व विषमज्वर दारात उभे राहतील. म्हणून जलशुद्धिकेंद्रात आधी तुरटी घालून ही द्रव्ये खाली बसवितात. तुरटीत असते अॅल्युमिनियम! आपल्या माजघरात तुरटी फिरवीत आल्या त्या आजीबाईंचे आणि चिकणमातीचे काम एकाच जातीचे.

तेव्हा धरणावरच्या रानाचा विचार करताना नुसती झाडे मोजू नयेत. झाड पुन्हा लावता येते. वाहून गेलेली माती आपल्या हयातीत परत येत नाही.