जळवात एक, दुखणी अनेक
(मलकापूर, ता. शाहूवाडी, जि. कोल्हापूर येथील बैठकीतील भाषण)



मलकापूर हा भाताचा मुलूख. आपण पुष्कळजण कापूस-ज्वारीच्या कोरडवाहू भागातले. पण तळहात-तळपाय सगळ्यांचेच जाड आणि भेगाळलेले. या सगळ्याला आपण एकच नाव देतो, जळवात. आणि दुकानातून एकच ट्यूब आणतो. चूक इथेच होते.

पहिला घट्टा. खुरपे, विळा, कासरा जिथे घासतो तिथेच येतो. खाजत नाही, काम थांबले की ओसरतो. हा रोग नव्हे.

दुसरा इसब. खाज फार. आधी बारीक पाणीदार फोड, मग कातडी जाड. साबण-सोडा, सिमेंट, गाजरगवत लागले की उसळतो. हे गाजरगवत 1955 च्या सुमारास पुण्यात दिसले. आज बांधाबांधावर आहे.

तिसरा नायटा. पुष्कळदा दोन्ही पाय आणि एकच हात. हाताच्या रेषांत पिठासारखी पांढरी भुकटी. ही बुरशी, एकाची दुसऱ्याला लागते. तिच्यावर स्टेरॉइडची ट्यूब लावली तर खाज थांबते, बुरशी मात्र पसरत राहते.

चौथा सोरायसिस. बहुधा दोन्ही तळवे, ठळक कडा, कोरडा पापुद्रा, दुखऱ्या भेगा. कोपर, गुडघे, डोके, नखेही पाहा. हा लागट नाही. घरातल्या बाईचे ताट वेगळे करू नका.

आता सर्वांत महत्त्वाचे. भेग खोल आहे पण दुखत नाही, काटा रुतला तरी कळत नाही, तर कुष्ठरोगाची शंका घ्या. कापसाचा स्पर्श जाड तळव्यात पोचत नाही. म्हणून डोळे मिटायला सांगा, बॉलपेनचे टोक हलके टेकवा आणि कुठे टेकले ते बोटाने दाखवायला सांगा. दाखवता आले नाही तर त्याच आठवड्यात सरकारी दवाखाना गाठा. औषध फुकट आहे, सहा किंवा बारा महिन्यांत रोग बरा होतो. उशीर झाला तर मेलेली नस मात्र परत येईलच असे नाही.

डॉक्टरला एकच हात दाखवू नका. दोन्ही हात, दोन्ही पाय दाखवा. नायट्याची शंका असेल तर कातडी खरवडून तपासायला सांगा. कोरडवाहू शेतकऱ्याचे भांडवल म्हणजे हे हातपाय. ते दुकानदाराच्या अंदाजावर सोडू नका.