लेक पाण्याचं शिकते म्हणजे काय शिकते?

(प्रभागसंघाच्या वार्षिक सभेत आमच्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेले भाषण. ज्या गटांना सभेला येता आले नाही त्यांच्यासाठी येथे देत आहोत.)



मला ‘मुलींचं उच्च शिक्षण’ असा विषय दिलाय. पण त्याआधी मी माझी एक चूक सांगते.

दोन वर्षांपूर्वी आपल्या एका गटातल्या पाच जणींनी भाजीपाल्यासाठी मिळून बोअर घ्यायचं ठरवलं. पैसा गटाच्या कर्जाचा. त्यांनी मला विचारलं, “ताई, घ्यावं का?” मी समाजकार्य शिकलेली. मला गटाची वही तपासता येते, जमिनीखालचा दगड वाचता येत नाही. तरी मी म्हटलं, “घ्या की, शेजारच्या रानात लागलंय ना पाणी.” पाणाड्यानं हातावर नारळ धरून जागा दाखवली. सव्वातीनशे फुटांपर्यंत नुसता फुफाटा उडाला. पाणी आलं नाही, हप्ते मात्र दर महिन्याला आले. एका मावशींनी डोरलं गहाण ठेवून हप्ता भरला. त्या आज इथं बसल्यात, त्यांना विचारूनच सांगतेय.

त्याच मावशींची लेक सिव्हिल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला पुढं जलसंपदा विषयात एम.टेक. करायचंय. घरात वडील म्हणतात, “अजून दोन वर्षं? मग लग्न कधी?” आणि मावशींनी मला विचारलं, “पाण्याचं काय शिकायचं असतं गं? पाणी तर आम्ही जन्मभर भरतोय.”

मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. मग मी त्या पोरीलाच विचारलं, माहिती काढली. ते आज सांगते.

पहिलं, ती जमिनीच्या पोटातलं पाणी शिकते. आपल्या महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा. हा दगड अखंड असेल तर त्यात पाणी राहत नाही. ते राहतं वरच्या मुरमात, भेगांमध्ये आणि दोन थरांच्या मधल्या सांध्यात. म्हणून एका बोअरला पाणी लागतं आणि पन्नास पावलांवरचं दुसरं कोरडं जातं. शेजारी लागलं म्हणून आपल्याला लागेल, हे माझं गणितच चुकीचं होतं.

दुसरं, ती हिशोब शिकते. आपण गटाचा जमाखर्च मांडतो तसा गावाच्या पाण्याचा. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ चौरस मीटर जागेवर १ लिटर पाणी. समजा गावाचं क्षेत्र १००० हेक्टर आणि पाऊस ५०० मिलिमीटर. जमा झाली ५०० कोटी लिटर. आता २००० माणसांना जलजीवनच्या हिशोबानं माणशी रोज ५५ लिटर धरलं तर वर्षाला लागतं साधारण ४ कोटी लिटर. शंभरातला एक भागसुद्धा नाही! मग मार्चमध्ये टँकर का येतो? बरंचसं पाणी उन्हानं उडून जातं, काही ओढ्यानं वाहून जातं, आणि उरलेलं पिकं पितात. पाटानं पाणी दिलेल्या उसाला हेक्टरी सुमारे २ कोटी लिटर लागतं. म्हणजे पाच एकर ऊस अख्ख्या गावाचं वर्षाचं पिण्याचं पाणी पितो. हा हिशोब ग्रामसभेत मांडायला कुणीतरी शिकलेलं नको का?

तिसरं म्हणजे वाटप. अभ्यासक्रमाच्या नावात ‘व्यवस्थापन’ असतं ते यासाठी. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. ते स्वतः इंजिनिअर. त्यांनी पाणी जमिनीवर नाही, माणसांवर वाटलं. माणशी अर्धा एकराचं पाणी, भूमिहीनालाही हक्क, आणि ऊस घ्यायचा नाही. इंजिनिअरनं पाणी आणायचं एवढंच काम नसतं बघा, ते कुणाला मिळणार हेही ठरवायचं असतं.

आता वाट सांगते. दहावीनंतर सिव्हिल डिप्लोमा करून डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं, नाहीतर बारावी सायन्सनंतर सीईटी. पुढं ‘गेट’ नावाची परीक्षा. ती साधारण फेब्रुवारीत असते, मुलींना फी कमी असते, आणि मार्क तीन वर्षं चालतात. एम.टेक. दोन वर्षांचं. रुरकीच्या आयआयटीत जलसंपदा विकास आणि व्यवस्थापनाचा वेगळा विभाग आहे. ते कॉलेज १८४७ मध्ये निघालं तेच गंगेच्या कालव्याच्या कामाला माणसं हवी होती म्हणून. कृषी अभियांत्रिकी केलेल्या मुलींसाठी राहुरीच्या कृषी विद्यापीठात मृद व जलसंधारण अभियांत्रिकी आहे.

पैशाचं काय? गेट पास होऊन नियमित एम.टेक. ला गेलेल्या पात्र मुलामुलींना महिना १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं. आणि डिग्रीसाठी, २०२४-२५ पासून ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी घरातल्या मुलींनी शासनाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश घेतला, तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शासन भरतं. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला आधीच काढून ठेवा. दाखल्यापायी प्रवेश अडकतो.

नोकरीची हमी मी देणार नाही. भरती निघेल तेव्हा निघते, परीक्षा अवघड असते. एका फुकटच्या हमीनं काय होतं ते मी पाहिलंय. पण जलसंपदा, जलसंधारण, भूजल यंत्रणा, पाणीपुरवठा, सगळीकडे या शिक्षणाचं काम आहे, एवढं खरं.

आता माझी विनंती. आपण बोअरला कर्ज दिलं, लग्नाला दिलं. लेकीच्या फॉर्मची फी, प्रवासाचं भाडं, वसतिगृहाची अनामत यासाठी कुणी कर्ज मागितलं तर तो अर्ज मागे ठेवू नका. विद्यावेतन सुरू होईपर्यंतचे पहिले महिनेच जड जातात. प्रत्येक ग्रामसंघानं पुढच्या बैठकीत आपल्या गावातल्या सायन्स, डिप्लोमा आणि इंजिनिअरिंगच्या मुलींची नावं लिहून माझ्याकडे द्यावीत.

आणि बोअरच्या त्या मावशींनी परवा घरी काय सांगितलं ते सांगते आणि थांबते. त्या मालकांना म्हणाल्या, “न बघता भोक पाडायला आपण पैसा घातला. आता बघायला शिकणारीला दोन वर्षं देऊ.” वडील अजून हो म्हणाले नाहीत. पण गेटचा फॉर्म भरलाय.