खांबापासून खंडापर्यंत : खेळ वाढतो तो संघटनेच्या बळावर

(तिसगाव, ता. पाथर्डी, जि. अहिल्यानगर येथे क्रीडाप्रेमी नागरिक व पालकांसमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



नगरहून निघालेली वाट करंजी घाट ओलांडून तिसगावात येते आणि येथून एक फाटा मढीच्या कानिफनाथांकडे वळतो. हा सारा टापू अवर्षणाचा. उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याची चिंता वाहणाऱ्या गावात आजच्या विषयाची सुरुवात पाण्यावरच्या खेळाने व्हावी, याचे कोणालाही नवल वाटेल. परंतु वल्ह्याच्या खेळांनी शंभर वर्षांत जी वाट चोखाळली, ती मातीवरच्या खो-खोला आज फार काही शिकवून जाते. दोन्ही खेळ एकदा एकाच शहरात, एकाच वर्षी जगासमोर आले होते. एक पुढे गेला, दुसरा मागे राहिला. असे का झाले, याचा विचार करण्यासाठी हे निमित्त.

बर्लिन, १९३६

कयाकिंग आणि कनोईंग हे खेळ म्हणजे आपल्या ओळखीचे नौकानयन नव्हे. नौकानयनात वल्ही नावेला जखडलेली असतात आणि खेळाडू पाठमोरा पुढे सरकतो. येथे वल्हे हातात मोकळे असते आणि दृष्टी समोर असते. शिकारीसाठी आणि प्रवासासाठी ध्रुवप्रदेशातील व अमेरिकेतील मूळ रहिवाशांनी घडवलेल्या या नावा. युरोपने त्यांना खेळाचे रूप दिले. जानेवारी १९२४ मध्ये कोपनहेगन येथे अवघ्या चार देशांनी, म्हणजे जर्मनी, ऑस्ट्रिया, डेन्मार्क आणि स्वीडन यांनी, या खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन केली. त्याच वर्षी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये त्याचे प्रात्यक्षिक झाले. बारा वर्षांनी, १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये, त्याला पदकांचा दर्जा मिळाला आणि पहिल्याच वेळी नऊ शर्यती झाल्या.

त्याच बर्लिनमध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक गेले होते. अंबादासपंत आणि अनंत वैद्य या बंधूंनी १९१४ साली उभ्या केलेल्या या संस्थेच्या तरुणांनी तेथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. त्यांत खो-खो होता. प्रेक्षकांनी कौतुक केले, टाळ्या वाजवल्या, आणि पथक मायदेशी परतले. वल्ह्याचा खेळ बर्लिनला पदकतालिकेत शिरला, तर खो-खो आठवणींच्या वहीत राहिला.

याचे कारण खेळाच्या गुणात शोधू नये. वेग, चपळाई, क्षणात निर्णय घेण्याची क्षमता आणि सांघिक समज यांत खो-खो कोणत्याही खेळाला हार जाणारा नाही. कारण संघटनेत होते. एका खेळामागे बारा वर्षांची आंतरराष्ट्रीय बांधणी होती, दुसऱ्यामागे एका ध्येयवादी संस्थेचा उत्साह होता. उत्साहाने प्रात्यक्षिक होते, स्पर्धा उभी राहायला संघटना लागते.

खंडाची संघटना काय करते?

आंतरराष्ट्रीय संघटना नियम करते, पण ते गावोगाव, देशोदेशी पोहोचवण्याचे काम मधल्या पायरीला करावे लागते. ही मधली पायरी म्हणजे खंडाची संघटना. युरोपातील वल्हेपटूंनी १९९३ साली आपली स्वतंत्र खंडीय संघटना बांधली. आशियात १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धेत या खेळाचा समावेश झाला. त्यानंतर चारच वर्षांनी, १९९४ साली हिरोशिमा येथे, भारताच्या जोडीने कनोईंगमध्ये कांस्यपदक मिळवले. पुढचे पदक मिळायला मात्र २०२३ साल उजाडले. हांगझोऊ येथे अर्जुनसिंह आणि सुनीलसिंह सलाम यांनी १००० मीटरच्या दुहेरी शर्यतीत कांस्य जिंकले. स्पर्धेचे दार उघडे होते, पण त्यातून सातत्याने आत जाणारी पिढी घडली नव्हती, हा या २९ वर्षांचा अर्थ आहे.

या खेळाचे आधुनिकीकरण तीन गोष्टींतून झाले. पहिली गोष्ट, जुने टाकण्याचे धैर्य. घडी घालता येणाऱ्या नावांच्या शर्यती बर्लिनला झाल्या आणि त्यानंतर ऑलिम्पिकमधून कायमच्या गेल्या. दुसरी गोष्ट, कोणालाही बाहेर न ठेवण्याचा निश्चय. १९४८ साली महिलांची पहिली शर्यत आली. टोकियोला पुरुषांच्या काही शर्यती कमी करून महिलांच्या कनोईंगला जागा देण्यात आली. रिओच्या २०१६ च्या पॅरालिम्पिकपासून दिव्यांगांच्या शर्यती सुरू झाल्या. त्याच दारातून ग्वाल्हेरची प्राची यादव टोकियोला पोहोचली आणि २०२३ च्या आशियाई पॅरा स्पर्धेत तिने सुवर्णपदक जिंकले. तिसरी गोष्ट, प्रेक्षकाचा विचार. खळाळत्या पाण्याची शर्यत डोंगरातून शहरात आणण्यासाठी कृत्रिम प्रवाह बांधले गेले. पॅरिसला २०२४ साली चार नावा एकाच वेळी उतरणीवरून पाण्यात उडी घेतात, अशी नवी शर्यत सुरू झाली. खेळाचा आत्मा तोच राहिला, मांडणी काळानुरूप बदलली.

खो-खोची लांब वाट

आता आपल्या मातीकडे वळू. १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने खो-खोला नियमांत बसवण्याचे काम हाती घेतले. त्याआधी हा खेळ गावागणिक वेगळा होता. दोन खांब, मधली पाटी, आडव्या पाट्या, आठ बसलेले आणि एक पाठलाग करणारा, हे रूप त्यातून स्थिर होत गेले. खो-खोचे अखिल भारतीय संघटन पन्नासच्या दशकाच्या मध्यात उभे राहिले आणि १९५९-६० साली विजयवाड्याला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत पुन्हा प्रात्यक्षिक झाले. म्हणजे बर्लिननंतर ४६ वर्षांनीही खो-खो प्रात्यक्षिकाच्या पाटावरच बसलेला होता.

आशियाई खो-खो महासंघ १९८७ साली कोलकात्यात, दक्षिण आशियाई स्पर्धेच्या काळात स्थापन झाला. पहिली आशियाई अजिंक्यपद स्पर्धा १९९६ साली त्याच शहरात झाली, दुसरी २००० साली ढाक्याला. आणि तिसरी? ती इंदूरला, २०१६ साली. मध्ये सोळा वर्षे गेली. खेळाडूचे उमेदीचे आयुष्य दहा-बारा वर्षांचे असते. या सोळा वर्षांत एक संपूर्ण पिढी खांबाभोवती धावली, राष्ट्रीय पदके जिंकली आणि खंडीय स्पर्धेचे तोंडही न पाहता निवृत्त झाली. अर्जुन पुरस्काराची कथाही तशीच. १९९८ साली शोभा नारायण यांना मिळाल्यानंतर खो-खोच्या वाट्याला तो पुन्हा आला २०२० साली, धाराशिवच्या सारिका काळे हिच्या रूपाने. संघटना झोपली की त्याची किंमत खेळाडू मोजतो, हे येथे विसरता येत नाही.

बदलाला सुरुवात झाली ती २०१६ पासून. त्या वर्षी दक्षिण आशियाई स्पर्धेत खो-खोला प्रथमच स्थान मिळाले. भारताच्या दोन्ही संघांनी सुवर्ण जिंकले. महिला संघाचे नेतृत्व सारिका काळे हिच्याकडेच होते. ऑगस्ट २०१८ मध्ये जकार्ता येथे आशियाई ऑलिम्पिक परिषदेने खो-खोच्या आशियाई महासंघाला तात्पुरती मान्यता दिली. २०२२ साली पुण्याच्या बालेवाडी क्रीडासंकुलात सहा संघांची व्यावसायिक लीग झाली. खेळ मातीवरून मॅटवर आला, नऊऐवजी सात खेळाडूंचा झाला, डाव आटोपशीर झाला, सूर मारून गडी टिपणाऱ्याला अधिक गुण मिळू लागले. पाठलाग करणाऱ्याने एकदा घेतलेली दिशा बदलायची नाही, हा खो-खोचा कणा. त्यालाही ‘वझीर’ या एका खेळाडूपुरती मोकळीक देण्यात आली.

जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडागारात पहिला विश्वचषक झाला. २३ देश आले, पुरुषांचे २० आणि महिलांचे १९ संघ उतरले. ब्राझील, पेरू, केनिया, पोलंड, दक्षिण कोरिया येथील तरुण ‘खो’ असे ओरडत धावताना भारताने पाहिले. अंतिम सामन्यांत भारतीय महिलांनी नेपाळला ७८-४० असे आणि पुरुषांनीही नेपाळलाच ५४-३६ असे नमवले. प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे, ही अभिमानाची गोष्ट.

अभिमानाबरोबर आत्मपरीक्षण

परंतु विजयोत्सवात काही प्रश्न बाजूला पडू नयेत. पहिला प्रश्न पराभवाचा. कबड्डी १९९० पासून आशियाई स्पर्धेत आहे. २०१८ साली जकार्ता येथे भारतीय पुरुष उपांत्य फेरीत इराणकडून हरले आणि महिलांना अंतिम फेरीत इराणनेच नमवले. अनेकांना तो अपमान वाटला. खरे पाहता कबड्डी खऱ्या अर्थाने आशियाची झाली, याची ती खूण होती. ज्या खेळात एकच देश कायम जिंकतो, तो खेळ त्या देशाचाच राहतो. नेपाळ उद्या खो-खोत भारताला हरवील. त्या दिवशी दुःख जरूर व्हावे, पण तक्रार होऊ नये. शेजाऱ्यांना प्रशिक्षक, पंच आणि साहित्य देऊन त्यांना तोडीस तोड करणे हे खंडीय महासंघाचे पहिले कर्तव्य आहे.

दुसरा प्रश्न कारभाराचा. कबड्डीच्याच राष्ट्रीय महासंघावर २०१८ साली दिल्ली उच्च न्यायालयाला प्रशासक नेमावा लागला. खेळ लोकप्रिय झाला, पैसा आला, आणि कारभार मात्र घरच्या बैठकीसारखा राहिला, तर असेच होणार. वेळेवर निवडणुका, उघडे हिशेब आणि निवड समितीचे लेखी निकष या रूक्ष वाटणाऱ्या बाबी आहेत, पण मुलीच्या पायातल्या वेगाचे रक्षण याच करतात.

तिसरा प्रश्न तिसगावचा आहे, पाथर्डी तालुक्याचा आहे. मॅट महाग असते. ती जिल्ह्याच्या संकुलात येईल, वाडीच्या शाळेत लवकर येणार नाही. मातीवर खेळणारी मुलगी निवडचाचणीत प्रथमच मॅटवर उतरली, तर तिचा पाय फसणारच. तालुक्याला निदान एक मॅट आणि महिन्यातून दोन सराव, एवढे तरी ठरवून करता येईल. त्याहून गंभीर बाब वेळापत्रकाची. या भागातील कितीतरी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. शालेय व राज्य स्पर्धांचा मोठा हंगाम नेमका याच काळात येतो. जी मुलगी आईबरोबर कोयता आणि मोळीच्या मागे गेली, तिला निवडचाचणीचे पत्र कोठे पोहोचणार? तिच्यातील वेग कोणी मोजायचा? खेळाच्या आधुनिकीकरणाची चर्चा दिव्यांच्या झगमगाटापाशी थांबत असेल, तर ती अपुरी आहे. तालुक्याची चाचणी टोळ्या निघण्यापूर्वी घेणे, निवडलेल्या मुलींची गावातच राहण्या-जेवण्याची सोय करणे, या गोष्टींना आंतरराष्ट्रीय मान्यता लागत नाही. त्यासाठी गावातील पाच-दहा कुटुंबांनी आपापल्या घरी एकेका मुलीचे ताट वाढायचे ठरवले, तरी पुरे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये भारताने २०३६ च्या ऑलिम्पिकसाठी आपली इच्छा लेखी कळवली. तो मान मिळो वा न मिळो, २०३६ साली बर्लिनच्या त्या प्रात्यक्षिकाला शंभर वर्षे पूर्ण होतील. त्या वर्षी जी मुलगी वीस-बावीस वर्षांची असेल, ती आज तिसगावच्या किंवा अशाच एखाद्या गावाच्या शाळेत दप्तर घेऊन जात आहे. अमरावतीच्या तरुणांनी टाळ्या मिळवल्या होत्या. तिला नाव नोंदवलेला संघ, शिकलेला पंच, वेळेवर होणारी स्पर्धा आणि दिवाळीनंतरही गावात राहता येईल अशी सोय हवी आहे. यांपैकी शेवटची गोष्ट दिल्ली देऊ शकत नाही. ती तिसगावलाच द्यावी लागेल.