मशीनचा झिरो कुणी घ्यायचा?

आज पापड-लोणचं नाही, शिवणकामही नाही. आज आम्ही आमच्या शेडमधल्या मशीनबद्दल बोलणार आहोत. गेल्या काही महिन्यांत तीन-चार गटांच्या ताया आमची शेड बघून गेल्या. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, मशीन केवढ्याला पडलं? आणि दुसरा, चालवायला माणूस कुठून आणता? या दुसऱ्या प्रश्नापायी आमचं जवळजवळ एक वर्ष गेलं, म्हणून आज त्याच्यावरच बोलतो.

आमचं मशीन म्हणजे सीएनसी राऊटर. कॉम्प्युटरवर काढलेल्या चित्राप्रमाणे लाकूड, प्लायवूड, एमडीएफ कापतं आणि कोरतं. पाट चार फूट बाय दोन फूट. त्याच्यावर एक कमान पुढे-मागे जाते, कमानीवर स्पिंडल डावी-उजवीकडे सरकतो आणि वर-खालीही होतो. या तीन चालींना एक्स, वाय आणि झेड म्हणतात. स्पिंडलच्या तोंडात बिट बसवायचं, ते गरगर फिरतं आणि कापतं. घरांच्या पाट्या, रांगोळीचे साचे, देवघराच्या जाळ्या, गणपतीमागची प्रभावळ, असली कामं आम्ही करतो.

सुरुवातीला तालुक्याहून एक ऑपरेटर यायचा, आठवड्यातून दोन दिवस. आला की मशीनपाशी दोन मिनिटं काहीतरी बटणं दाबायचा, मग स्टार्ट दाबून मोबाइल घेऊन बसायचा. भुसा आम्ही झाडायचो, पाट्यांना पॉलिश आम्ही करायचो. तो नसेल त्या दिवशी मशीनवर जुनी चादर टाकलेली. बँकेचा हप्ता मात्र रोजच्या हिशेबाने चढत होता. त्या दोन मिनिटांत तो करायचा काय? झिरो घ्यायचा.

आपण ठिपक्यांची रांगोळी काढतो ना, तसंच हे. पहिला ठिपका कुठे पडला त्यावर सगळी रांगोळी ठरते. पहिलाच ठिपका उंबऱ्याला चिकटून पडला तर रांगोळी बरोबर असूनही अर्धी पायरीखाली जाते. मशीनचंही तेच. चित्र त्याला पाठ आहे, पण आपण लाकूड कुठे ठेवलंय ते त्याला दिसत नाही. बिट लाकडाच्या एका कोपऱ्यावर नेऊन ‘हा पहिला ठिपका’ असं आपण सांगायचं. तो एक्स आणि वायचा झिरो. मग बिटचं टोक लाकडाला टेकलं की झेडचा झिरो.

झेड घ्यायला आम्ही साधा झेरॉक्सचा कागद वापरतो. स्पिंडल बंद ठेवून कागद लाकडावर ठेवायचा, बिट अगदी हळूहळू खाली आणायचं आणि कागद मागे-पुढे हलवत राहायचा. कागद अडकू लागला की थांबायचं. कागदाची जाडी साधारण ०.१ मिलिमीटर असते, तेवढं खाली धरून झिरो करायचा. हे करताना सगळ्यात बारीक पायरीचं बटण वापरा. मोठ्या पायरीवर एक बटण जास्त दाबलं गेलं की बिट मोडलंच म्हणून समजा.

झेड कशावर घ्यायचा हेही ठरवावं लागतं. वरून अक्षरं कोरायची असतील तर लाकडाच्या वरच्या पाठीवर घ्या. आरपार कापायचं असेल तर लाकूड ठेवण्याआधी खालच्या पाटावर घ्या. बाजारात १२ मिलिमीटर म्हणून दिलेली शीट मोजली तर बऱ्याचदा थोडी कमी-जास्त भरते. वरून झिरो घेतला की एक पाटी सुटते, दुसरी खाली चिकटून राहते. म्हणून व्हर्निअर कॅलिपर घ्याच, वापरायला सोपा असतो. आणि मशीनच्या पाटावर आणखी एक टाकाऊ एमडीएफ अंथरा. आरपार कापताना बिट थोडं खाली जातंच, ते त्याच्यात जाऊ दे.

आता आमची फजिती सांगतो. गणपतीच्या आधी एका मंडळाची ऑर्डर आली, ३० सन्मानचिन्हं. एका शीटवर दहा. अक्षरं कोरायला टोकदार व्ही-बिट आणि पाटी कापून काढायला ३ मिलिमीटरचं सरळ बिट. ऑपरेटर सणामुळे आला नाही. आम्ही म्हटलं, आपणच करू. दहाही पाट्यांवरची अक्षरं सुंदर कोरली गेली. मग बिट बदललं. बिट बदललं की त्याची लांबी बदलते, म्हणून झेड परत घ्यावा लागतो, हे आमच्या लक्षात होतं. पण झेडच्या शेजारीच ‘सगळे झिरो’ असं बटण होतं आणि घाईत तेच दाबलं गेलं. बिट त्या वेळी कोपऱ्यापासून दीड इंच बाजूला होतं. मशीनने तिथूनच पहिला ठिपका धरला. पहिल्या पाटीची ‘श्री’ची वेलांटी कापली गेली तेव्हा आम्ही ओरडलो, पण लाल बटण सापडेपर्यंत कमान पुढच्या पाटीवर गेली होती. ती शीट वाया गेली, म्हणजे एका पाटीच्या घोळात दहाही गेल्या. कुणाच्या घरी काय काय ऐकावं लागलं ते रेडिओवर नको.

नवी शीट आणली, दोन रात्री जागलो, ३० चिन्हं वेळेत दिली. हातात उरलं काही नाही. पण त्या दिवसापासून झिरो आम्हीच घेतो. एक जण घेते, दुसरी तपासते, मग स्टार्ट. बटण दाबणारीने तोंडाने म्हणायचं, ‘बिट बदललं, फक्त झेड.’ सुरुवातीला हसू यायचं. आणि काम सुरू करण्याआधी लाल बटण कुठे आहे ते हात लावून बघायचं. नवीन काम असेल तर झेड २० मिलिमीटर वर उचलून सगळा प्रोग्राम आधी हवेत फिरवायचा. पाटीच्या बाहेर कुठे जातंय ते लगेच दिसतं.

वेगाचा हिशोब अवघड नाही. बिट मिनिटाला किती फेरे घेतं, त्याला धारा किती, आणि प्रत्येक धारेने किती लाकूड काढायचं, या तिन्हींचा गुणाकार करायचा. १२००० फेरे, दोन धारा, प्रत्येक धारेला ०.०५ मिलिमीटर, म्हणजे मिनिटाला १२०० मिलिमीटर पुढे जायचं. ३ मिलिमीटरच्या बिटाला आम्ही इथूनच सुरुवात करतो आणि एका वेळी दीड मिलिमीटरच खोल जातो. लाकडाचा भुसा पिठासारखा निघू लागला, जळका वास आला, तर बिट एकाच जागी घासतंय. फेरे कमी करा किंवा पुढची चाल वाढवा. एमडीएफ मात्र कायम पीठच देतं, तिथे कानावर आणि नाकावर भिस्त. आवाज कर्कश झाला, पाट थरथरला, तर खोली कमी करा. आमच्यातल्या एक मावशी बाहेर पाणी भरत असताना आवाजावरून सांगतात, बिट बोथट झालंय.

मराठी अक्षरांचं एक वेगळंच. फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची शिरोरेघ स्वतंत्र असते आणि शेजारच्या अक्षरावर चढलेली असते. तसंच मशीनला दिलं तर जोडाच्या जागी आडवे-उभे काप पडतात. म्हणून अक्षरांचं आधी रेषाचित्र करून सगळी अक्षरं एकत्र जोडायची. इंकस्केप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ते होतं. रांगोळीच्या साच्यात ‘व’ किंवा ‘ब’ असला तर आतला गोल तुकडा गळून पडतो, त्याला धरून ठेवायला बारीक पूल सोडावा लागतो. आणि चित्र बाहेरून आलं असेल तर माप बघा. प्रोग्रामच्या सुरुवातीला जी २१ म्हणजे मिलिमीटर, जी २० म्हणजे इंच. इथे चूक झाली की पाटी २५ पट लहान किंवा मोठी.

लाइट गेली की काय, हे सगळ्या विचारतात. लाइट गेली की मशीन आपण कुठे होतो ते विसरतं. आम्ही झिरोच्या जागी खालच्या पाटावर एक बारीक टिंब कोरून ठेवलंय. लाइट आली की लाकूड हलवायचं नाही, त्याच टिंबावर परत झिरो घ्यायचा आणि प्रोग्राम पहिल्यापासून चालवायचा. झालेल्या भागावर बिट नुसतं हवेत फिरतं, वेळ जातो, पण पाटी वाचते. मधूनच सुरू करण्याच्या भानगडीत आम्ही पडत नाही.

शेवटी अंगावरचं. मशीनपाशी पदर खोचलेला, वेणीचा अंबाडा, बांगड्या आणि मंगळसूत्र काढून किंवा आत. हातमोजे घालायचे नाहीत. फिरत्या बिटात मोजा अडकला तर हात ओढला जातो. डोळ्याला चष्मा पाहिजे. एमडीएफची धूळ फार वाईट, तोंडाला नुसता रुमाल बांधून भागत नाही, एन ९५ मास्क लावा आणि धूळ ओढणारं यंत्र मशीनबरोबरच घ्या. लाकडाच्या धुळीने कॅन्सर होतो असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने नोंदवलेलं आहे. लेकरांना शेडमध्ये आणू नका.

मशीन घेणार असाल तर विकणाऱ्याला आधीच सांगा, पैशांचा शेवटचा भाग आमच्या तीन बायकांना झिरो घेता आला की मिळेल. एक नाही, तीन. एक माहेरी जाते, एकीच्या घरी आजारपण निघतं. आम्ही प्रत्येक कामाचं बिट, फेरे, चाल आणि झिरो कशावर घेतला ते वहीत लिहितो. ज्यांना ती वही उतरवून घ्यायची असेल त्यांनी दुपारी दोननंतर शेडवर या, सकाळी मशीन चालू असतं, बोललेलं ऐकू येत नाही.