बूस्टर घ्यायचा तो समजून, दमदाटीनं नाही

(संघटनेच्या ऑगस्ट २०२२ च्या तालुका शिबिरात कार्यकारिणीच्या वतीने केलेलं भाषण. आवणीमुळे ज्या पाड्यांवरून कोणी येऊ शकलं नाही त्यांच्यासाठी छापत आहोत. पाड्यावर मोठ्याने वाचून दाखवावं.)



भर पावसात, चिखल तुडवत, आवणी अर्धी टाकून तुम्ही आलात. दरवेळी आपण दावे, मोजणी, सातबारा यांवर बोलतो. ते आजही बोलायचंच आहे. पण पहिला विषय कोरोनाच्या तिसऱ्या डोसचा आहे. सरकारी कागदावर त्याला खबरदारीची मात्रा म्हणतात, आपण सगळे बूस्टर म्हणतो. यावर गावांकडून दोन ठराव आले आहेत. दोन्ही एकमेकांच्या उलट आहेत आणि दोन्ही आपल्याच माणसांचे आहेत.

पहिला ठराव म्हणतो, ज्याने बूस्टर घेतला नाही त्याला मोर्चात घेऊ नये, वनहक्क समितीच्या बैठकीत बसू देऊ नये. दुसरा म्हणतो, ज्या सरकारने आपले दावे वर्षानुवर्षं धूळ खात ठेवले त्याची सुई आपण घ्यायचीच नाही, गावाने तसं एकमुखाने ठरवावं आणि लस देणाऱ्यांना वेशीवरून परत पाठवावं. कार्यकारिणीत आम्ही दोन्हींवर रात्रभर बोललो. आमचं मत तुमच्यापुढे ठेवतो. पटलं तर घ्या, नाही पटलं तर उठून बोला.

आधी हे समजून घेऊ की बूस्टर करतो काय. राखणीला माळ्यावर बसलेला माणूस सुरुवातीला सावध असतो, पहाटेपर्यंत पेंगायला लागतो. लशीचं तसंच आहे. दोन डोसांनी अंगात जी ताकद येते ती काही महिन्यांनी उतरते. त्यात रोगानेही रूप बदललं, ओमायक्रॉन आला. तिसरा डोस त्या राखणदाराला परत जागं करतो. म्हातारी माणसं, साखरेचा आजार असलेले, छातीचे जुने रोगी यांना त्याचा फायदा सगळ्यांत जास्त आहे. आपल्यासाठी अजून एक गोष्ट महत्त्वाची. २०२१ च्या मार्चमध्ये ४५ ते ५९ वयाच्या कोणत्या आजाऱ्यांना आधी लस द्यायची याची यादी सरकारने काढली, तिच्यात सिकलसेलही होता. आपल्यात सिकलसेलची घरं किती आहेत ते तुम्हाला माहीत आहे. धडधाकट तरण्या पोराला बूस्टरचा फायदा होतो, पण या लोकांइतका नाही.

आणि बूस्टर काय करत नाही तेही ऐका. तो लागण पूर्ण थांबवत नाही. या जानेवारीच्या लाटेत दोन डोस घेतलेल्यांनाही कोरोना झाला. लस घेतलेला माणूस दुसऱ्याला रोग देणारच नाही, असं कोणी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. लशीचा मोठा उपयोग असा की आजार जिवावर बेतत नाही. पहिल्या ठरावाचा पाया इथेच हलतो. बूस्टर नसलेला माणूस बैठकीला आला की सगळ्यांना धोका आणि घेतलेला आला की धोका नाही, असं असतं तर गोष्ट वेगळी. तसं नाही.

कोणी म्हणेल, देवी गेली ती सक्तीनेच ना? मुंबई इलाख्यात देवीच्या लशीचा कायदा इंग्रजांनी १८७७ सालीच केला होता. पण देवी गेली ती त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी, १९७५ साली. घरोघर जाऊन रोगी शोधले, त्याच्या आसपासच्या सगळ्यांना लस दिली, तेव्हा गेली. त्यातही काही ठिकाणी जबरदस्ती झाली, ते लपवायचं कारण नाही. पण देवीची लस रोगाचा रस्ताच बंद करत होती. कोरोनाची लस तसं करत नाही, म्हणून देवीचा दाखला इथे जसाच्या तसा लागू होत नाही.

सक्तीने काय होतं हे पुण्याने १८९७ साली पाहिलं. प्लेग आला. इंग्रजांनी साथरोगाचा कायदा केला आणि गोरे सोल्जर घराघरात घुसवले. रोग्यांना ओढून नेलं, सामान बाहेर काढून जाळलं. लोक आपलेच रोगी लपवायला लागले. त्याच साली मुंबईत हाफकिन साहेबाने प्लेगची लस तयार करून आधी स्वतःला टोचून घेतली होती. औषध शोधणारे हात होते आणि दारं फोडणारेही हात होते. लोकांच्या मनात जास्त काळ राहिले ते दारं फोडणारे. तोच १८९७ चा कायदा २०२० मध्ये आपल्यावर लागू झाला.

आपल्या काळातली सक्ती कशी होती? २०२१ च्या नोव्हेंबरात औरंगाबाद जिल्ह्यात हुकूम निघाला की एक तरी डोस घेतल्याशिवाय रेशन नाही, गॅस नाही, पेट्रोल नाही. आपल्या पट्ट्यातही एका दुकानदाराने एका म्हातारीला सर्टिफिकेट नाही म्हणून रिकाम्या पिशवीनं परत पाठवलं. रेशन हा २०१३ च्या कायद्याने दिलेला हक्क आहे. तो सुईच्या बदल्यात मिळणारं बक्षीस नाही.

आणि या सक्तीत सापडतं कोण ते बघा. आपल्या कातकरी घरांनी पहिला डोस पावसाळ्यात घेतला. कोव्हिशिल्डचा दुसरा डोस ८४ दिवसांनी. तोवर सगळं घर वीटभट्टीवर गेलेलं. डोसचा मेसेज यायचा तो मुकादमाच्या फोनवर, कारण नोंदणीला तोच नंबर दिलेला. हा माणूस लशीला नाही म्हणालाच नव्हता. लस त्याच्यापर्यंत पोचली नाही आणि शिक्षा मात्र त्यालाच. उद्या आपण मोर्चाला बूस्टरची अट घातली तर पहिले बाहेर राहतील ते हेच लोक. ज्यांच्या जमिनीसाठी मोर्चा, तेच मोर्चाबाहेर.

कायदा काय म्हणतो? २ मे २०२२ रोजी सुप्रीम कोर्टाने निकाल दिला. आपल्या शरीरावर आपला हक्क आहे, घटनेच्या २१ व्या कलमाखाली कोणालाही जबरदस्तीने लस देता येत नाही, असं कोर्ट म्हणालं. लोकांच्या आरोग्यासाठी सरकार काही बंधनं घालू शकतं, पण ती बेताची आणि कारण दाखवून घातलेली पाहिजेत. लस न घेतलेल्यांवरची बंधनं कोर्टाला तशी वाटली नाहीत. त्याच निकालात कोर्टाने सरकारचं लसीकरणाचं धोरण चुकीचं ठरवलेलं नाही. आणि लशीनंतर कोणाला त्रास झाला तर ती माहिती लोकांसमोर ठेवा, असंही सांगितलं. निकाल पुरता वाचायचा. आपल्या सोयीचं तेवढंच पान फाडून घ्यायचं नाही.

आता दुसऱ्या ठरावाकडे येऊ. त्या गावांचा राग खरा आहे. आणीबाणीत नसबंदीसाठी माणसं धरून नेली, त्या गोष्टी आजही पाड्यावर सांगतात. सुईने मूल होत नाही अशी अफवा उठली तेव्हा बायका भाताच्या खाचरातून पळाल्या. त्यांना अडाणी म्हणणारे पुष्कळ भेटले, जवळ बसून समजावणारे थोडे. कोरोनाच्या लशीने मूल होणं थांबत नाही, हे आम्ही स्पष्ट सांगतो. दंड दुखतो, एक-दोन दिवस ताप येतो, अंग मोडून येतं. मोठा त्रास क्वचित कोणाला होतो, तोही नाकारायचा नाही. म्हणून सुई घेतल्यावर अर्धा तास तिथेच बसायचं, आणि घरी काही झालं तर आशाताईला लगेच सांगायचं, नोंद करून घ्यायची.

आपण ‘नाही’ म्हणायला घाबरणारी माणसं नाही. ओडिशात नियमगिरीच्या डोंगरावर २०१३ साली १२ ग्रामसभांना विचारलं, खाण हवी का? बाराही ग्रामसभा नाही म्हणाल्या आणि खाण थांबली. तो नकार विचार करून, उघड सभेत, बायाबापड्यांनी उभं राहून दिलेला होता. लशीवाल्यांना वेशीवरून परत पाठवण्यात तसं काही नाही. त्यात ज्या सिकलसेलवाल्या पोरीला, ज्या दम्याच्या म्हाताऱ्याला लस हवी आहे त्याचंही तोंड आपण बंद करतो. जंगल सगळ्या गावाचं, त्यावर ग्रामसभेने ठरवायचं, हे २००६ च्या कायद्याने मिळवलं. पण आजीचा दंड आजीचा आहे. सरकारने जोर करून सुई टोचली तर ती जबरदस्ती, आणि गावाने जोर करून अडवली तर तीही जबरदस्तीच.

आणि लस हे सरकारचं उपकाराचं दान नाही. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने श्रीमंत देशांना विनंती केली होती की गरीब देशांतल्या लोकांना पहिले डोस मिळेपर्यंत तुमचे बूस्टर थांबवा. म्हणजे जगातले मोठे लोक ज्याच्यासाठी रांग लावतात ती वस्तू आपल्या दारात येते आहे. आपण ती हक्काने मागायची, तपासायची आणि मग ज्याची त्याने ठरवायची.

वेळ थोडा आहे. १५ जुलैपासून १८ वर्षांवरच्या सगळ्यांना सरकारी केंद्रात बूस्टर फुकट आहे, तो ३० सप्टेंबरपर्यंत. खासगी दवाखान्यात साडेतीनशेच्या वर पैसे पडतात. दुसऱ्या डोसाला सहा महिने झालेले असले पाहिजेत. आवणी संपल्यापासून वीटभट्टीची गाडी येईपर्यंतचे दिवस आपल्या हातात आहेत.

म्हणून दोन्ही ठराव बाजूला ठेवून आम्ही हा ठराव मांडतो:

१. मोर्चा, बैठक, समिती, रेशन, रोजगार हमी यांपैकी कशालाही लशीची अट नको. कुठे अट घातली तर संघटना तहसीलवर जाईल.

२. लस घेऊ नये असाही हुकूम कोणत्या गावाने काढू नये.

३. साठीच्या वरच्यांनी, सिकलसेल आणि जुन्या आजाराच्या रोग्यांनी बूस्टर घ्यावा, ही संघटनेची स्पष्ट शिफारस. ज्यांचा दुसराच डोस राहिला आहे, त्यांना आधी तो.

४. लस पाड्यावर यावी. मोबाईलचा नंबर नाही म्हणून कोणाला परत पाठवू नये. आपल्या बोलीत समजावणारं माणूस सोबत असावं.

५. ताप आला तर दोन दिवसांची मजुरी बुडते. म्हणून शिबिराचा दिवस गावाला विचारून ठरवावा.

आता चर्चा खुली आहे. हात वर करायच्या आधी बायांनी बोलावं. तापात रात्रभर उशाशी बसतात त्या, आणि दुसऱ्या दिवशी आवणीलाही त्याच जातात.

जिंदाबाद!