पाडकामातून वाचलेलं विमान

2017 साली वेल्समधल्या ब्रॉटनच्या विमान कारखान्यातली एक जुनी इमारत पाडायला काढली होती. तिथे सापडली 20,000 हून अधिक आरेखनं, दुसऱ्या महायुद्धातल्या मॉस्किटो विमानाची, मायक्रोफिल्मवर उतरवून कार्डांत बसवलेली.

मॉस्किटो लाकडाचं. बर्चच्या प्लायवुडमध्ये हलकं बाल्सा लाकूड चिकटवून त्याचं धड उभ्या दोन भागांत घडवत, उकललेल्या शेंगेसारखं. आतल्या तारा-नळ्या बसवल्या, की दोन्ही भाग जोडत. 1944 मध्ये भारतात पंखांची रचना निकामी होऊन अपघात झाले आणि ही विमानं जमिनीवर उभी करावी लागली.

आता त्या कार्डांकडे येऊ. जाड, लांबट कार्ड. त्याच्या खिडकीत फिल्मचा इवलासा तुकडा. भिंगाखाली धरलं, की आरेखनाचा क्रमांक दिसतो. पंखाचं कुठलं, शेपटीचं कुठलं, दुरुस्ती होऊन निघालेलं कुठलं, हे एकेक करून लावायचं. काम चिकाटीचं आहे, पण ते झाल्याशिवाय नवं मॉस्किटो घडवायला लाकडाला करवत लावता येत नाही.

तुमच्या घरी कारखान्यातल्या आजोबांनी जपलेली जुनी आरेखनं असतील, तर कृपया रद्दीत देऊ नका.